दोन आखूड, एक लांब

४ फेब्रुवारी

मामा,

पाया पडले असं समज. लिहिणारीचा हात आत्तापासूनच दुखतोय आणि मुद्द्याचं तेवढंच सांग असा तिचा हुकूम आहे.

अक्षर बदललंय हे तुझ्या लक्षात आलं असेल. इतके दिवस वसतिगृहाच्या मावशी लिहून द्यायच्या. मी एक सांगितलं की त्या मनाचं चार लिहायच्या. आता लिहितेय ती पुढची. म्हणजे आमच्या जोडसायकलवर पुढच्या सीटवर बसते ती. तिला दिसतं, मला दिसत नाही, म्हणून ती पुढची नि मी मागची. इथे सगळे आम्हाला याच नावांनी हाक मारतात. भिंगरी म्हणणारे जगात आता तू आणि मामी दोघंच उरलात. तुझी पत्रंही यापुढे तीच वाचून दाखवणार आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाकडं काही लिहायचं असेल तर जरा जपून.

फोनवर ये असं म्हणत नाही. कानातल्या त्या मशीनमधून माझा आवाज तुला विहिरीतल्या बेडकासारखा येतो, हे मामीनं सांगून टाकलंय.

तर मुद्दा. या महिन्याच्या शेवटी निवडीच्या शर्यती आहेत. सगळे आमच्यातलेच, कुणाला पाय नाही, कुणाला हात नाही, कुणाला माझ्यासारखे डोळे नाहीत. जोडसायकलवाल्यांतून एकच जोडी परदेशी खेळायला जाणार. सर म्हणतात, आम्ही जाऊ शकतो. सर सहसा असं काही म्हणत नाहीत, ते फक्त 'पुन्हा' म्हणतात.

तू विचारणार म्हणून आधीच सांगते. हो, या सायकलला ब्रेक नसतात. आणि पायडल मोकळेही फिरत नाहीत, चाक फिरतंय तोवर पाय फिरवावेच लागतात. दोघींचे पायडल एकाच साखळीनं जोडलेले. ती अडली की मी अडले, मी अडले की ती. झालं तुझं समाधान?

तुला तीनदा बोलावलं, तीनदा तुझे गुडघे आडवे आले. या वेळी गुडघे घरी ठेव आणि ये. नातेवाइकांसाठी ट्रॅकजवळ खुर्च्या असतात. माझ्या वाटच्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही, तिथे पुढचीची आई पिशवी ठेवते.

तुझी
भिंगरी

ता. क. हे माझ्या मनानं लिहितेय, तिला न सांगता. मामा, तुम्ही याच. शर्यतीआधी ती प्रेक्षकांकडे कान लावून उभी असते. कुणाला शोधतेस विचारलं तर म्हणते, कुणाला नाही. — पुढची


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. पुढचीलाही, तोंडओळख नसली तरी. ती लिहिते छान, वाचतेही छान असेल, तेव्हा तिच्याबद्दल वाकडं काही नाही.

येणं मात्र जमेल असं वाटत नाही. गुडघे आहेतच. मशीन बिघडलंय, मधेच चिरकतं. आणि मामीला एकटं टाकून कुठे जायचं? (मामी मागून म्हणतेय, एकदा टाकाच एकटं, घर तरी आवरून होईल. तिकडे लक्ष देऊ नकोस.)

आता खरं लिहितो. मला बघवणार नाही. ब्रेक नसलेल्या सायकलवर तू, आणि मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवू? माझा अख्खा जन्म माणसांना थांबवण्यात गेलाय गं. फाउंड्रीत डोक्यावरून क्रेन वितळलेल्या लोखंडाची बादली घेऊन जायची. त्या दणदणाटात माणसाचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? म्हणून क्रेनखाली मी, तोंडात दोन बोटं घालून. दोन आखूड, एक लांब. ती शिट्टी ऐकली की जो जिथे असेल तिथे खिळला पाहिजे, उचललेलं पाऊलसुद्धा खाली टेकायचं नाही. त्या आवाजानं माझे कान गेले, पण माझ्या पाळीत बादलीखाली कुणी सापडलं नाही.

तुझी आई गेली आणि तू आमच्याकडे आलीस, तेव्हा तुला पहिली शिकवली ती हीच शिट्टी. शेजारच्या बांधकामावरची पाण्याची टाकी आठवते? झाकण नव्हतं. तू काठावर, आणि मी रस्त्याच्या पलीकडे. शिट्टी मारली आणि तू एक पाय हवेत धरून उभी राहिलीस, मी येईपर्यंत. मामी अजून ती गोष्ट सांगते, आणि दर वेळी टाकी थोडी आणखी खोल होते.

तर मी तिथे येऊन काय करू? डोळे मिटून बसू? मग आपल्या दोघांतलं बघणार कोण?

जिंकून ये. नीट ये.

मामा


३ मार्च

मामा,

हरलो.

कसं ते सांगते. आमच्या शर्यतीत एका वेळी दोनच जोड्या असतात. गंमत म्हणजे सुरुवातीला कुणीच पळत नाही. ट्रॅकच्या कडा खूप चढत्या आहेत, कढईसारख्या. दोन्ही सायकली पार वर, कठड्याजवळ जातात आणि मुंगीच्या पावलानं चालतात, एकमेकींवर टपून. मग एक जोडी एकदम खाली झेप घेते. उतारावरचा तो वेग ज्यांना आधी मिळाला त्यांचं काम झालं. म्हणून ती झेप म्हणजेच सगळं.

पहिली फेरी त्या जिंकल्या, दुसरी आम्ही. तिसरीवर निकाल होता. आम्ही वर होतो. पुढची म्हणाली, 'आता.' आम्ही खाली सुटलो आणि मला शिट्टी ऐकू आली. दोन आखूड, एक लांब. मामा, तुझी.

माझे पाय खिळले. चाक पायांना ओढतंय आणि मी पाय रोवून बसलेय. सायकल अशी हादरली की पुढचीनं ती कशी सावरली ते तिलाच ठाऊक. तोवर त्या दोघी निघून गेल्या होत्या.

क्षणभर वाटलं, तू आलास. पण आला असतास तर भेटल्याशिवाय गेला नसतास. पुढची म्हणते की तिथे निम्मी गर्दी शिट्ट्या मारत होती, त्यातल्या दोनचार मिळून माझ्या कानांनी तुझी एक तयार केली. असेल.

पुढचीनं सरांना परस्पर सांगून टाकलं, 'झेप मी घाईनं घेतली, चूक माझी.' मला बोलूच दिलं नाही. सरांनी ते खरं मानलं. एप्रिलच्या शेवटी त्याच जोडीशी आणखी एक चाचणी आहे, कारण एरवीच्या आमच्या वेळा त्यांच्यापेक्षा चांगल्या आहेत. पण त्या चाचणीला मला नवी पुढची देणार आणि हिला घरी पाठवणार. (हे मी लिहिणार नाही असं ही म्हणतेय. लिही म्हटलं ना.)

मामा, मला हरल्याचं इतकं नाही. मला कानांची भीती वाटायला लागलीये. डोळे नाहीत याची मला कधी भीती वाटली नव्हती, कारण कान होते. तेच खोटं सांगायला लागले तर मी कशाच्या जिवावर मागे बसायचं? सोडून द्यावं असं मनात आहे. महिनाअखेर सरांना सांगायचंय. तुला काय वाटतं ते कळव.

भिंगरी


१० मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. पत्र वाचलं. मामीलाही सांगितलं, थोडक्यात.

कानांचं एवढं मनावर घेऊ नकोस. फाउंड्रीतही व्हायचं असं. पाळी संपवून घरी जेवायला बसलेला माणूस मधेच घास हातात धरून थांबायचा, क्रेनची शिट्टी ऐकू आली म्हणून. कान थकले की जुनं ऐकलेलं पुन्हा ऐकवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. विश्रांती घे, खात जा.

सोडायचं म्हणतेस तर माझं काही म्हणणं नाही. खूप केलंस. घर तुझंच आहे. तुझ्या खोलीत मामीनं शिवणयंत्र ठेवलंय ते हलवता येईल. लहानपणी शिकलीस ती पेटी शिकवायची नोकरी तुला इथेही मिळेल, मागे शाळेच्या बाई विचारत होत्या.

आणि ते गार सिमेंटवर बसणं बंद कर. हेल्मेट मांडीवर घेऊन एवढा वेळ बसलीस, कंबर धरेल अशानं. पुढची बिचारी बाटली घेऊन नुसती उभी. जे झालं ते झालं म्हणायचं आणि उठायचं.

मामी विचारते, गरम बनियन पाठवू का?

मामा


१६ मार्च

मामा,

नमस्कार. हे पत्र माझं आहे, तिचं नाही. ती पाय दाखवायला डॉक्टरांकडे गेलीय, तेवढ्यात लिहून टाकतेय.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून. तिथे मी अडखळले. तिनं विचारलं काय झालं, मी म्हटलं, मामांचं अक्षर लागत नाही. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. आजवर मी तिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. मी 'आता' म्हटलं की ती मागेपुढे न बघता पायांत सगळा जीव ओतते, ते तेवढ्याच भांडवलावर.

शर्यतीनंतर ती सिमेंटवर बसली होती. हेल्मेट मांडीवर होतं. मी बाटली घेऊन उभी होते. हे आमच्या पत्रात कुठेही नव्हतं. मी पुन:पुन्हा आठवून पाहिलं, लिहिणारी मीच आहे.

तुम्ही आला होतात.

लपून का आलात, न भेटता का गेलात, हे विचारायचा मला अधिकार नाही. पण इथे काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. परवा रस्त्यात हॉर्न वाजला तर तिनं मला विचारलं, 'हा खरा होता का?' तेव्हापासून प्रत्येक आवाजाला विचारते. दारावर थाप पडली की दाराकडे नाही, आधी माझ्याकडे तोंड करते. पूर्वी जिन्यावर कोण येतंय ते पावलांवरून सांगायची, आता सांगत नाही. चुकले तर, म्हणते.

आणि तुम्ही तिला लिहिता, कान थकतात.

माझं म्हणाल तर मी दोष घेतला तो तुमच्यासाठी नाही. मागच्या सीटवरची नसलेले आवाज ऐकते असं एकदा पसरलं की तिला पुन्हा कुणी सायकलवर घेणार नाही. माझं काय, मला दुसरी कुणीतरी मागची मिळेल. (हे दुसरं खोटं. मला दुसरी नकोय.)

तुमचं पत्र तिला माझ्या तोंडून ऐकावं लागतं. खोटं लिहिता तुम्ही आणि बोलते मी, हे मला जमणार नाही. यापुढचं पत्र मी सबंध वाचेन, त्यात जे असेल ते. तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, राग मानू नका. गुडघ्यांना जपा.

पुढची


२१ मार्च

भिंगरी,

पुढची, हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. एक शब्द गाळू नकोस. माझी दया येईल तिथे तर मुळीच नको.

शिट्टी खरी होती. मीच मारली. तुझे कान शाबूत आहेत.

येणार नाही म्हणून इतका ताठ बसलो होतो की आता येतो म्हणायची लाज वाटली. आणि मनात एक चोरही होता. न सांगता गेलं, की बघवलं नाही तर उठून निघून जाता येतं. मामीला सांगितलं, मशीन दुरुस्तीला नेतो. मशीन घेऊन गेलो आणि तसंच बिघडलेलं घेऊन परत आलो. तिनं काही विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं.

तिकीट काढून पार वरच्या रांगेत बसलो, खांबाच्या आडोशाला. तुझ्या वाटची खुर्ची तिथून दिसत होती. तिच्यावर निळी पिशवी होती.

आधी एका पायानं सायकल चालवणाऱ्या मुली आल्या. मी सायकल बघतच नव्हतो गं, नसलेला पाय बघत होतो. त्यांतली एक सगळ्यांच्या शेवटी आली आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, डोळ्यांत पाणी आणून. शेजारच्या बाईंनी माझी बाही ओढली. मशीन चिरकतं म्हणून मी ते खिशात ठेवलं होतं, तेव्हा त्यांना माझ्या कानात ओरडावं लागलं. 'टाळ्या कशाला? आज घाण चालवली तिनं. काल सराव सोडून मैत्रिणीकडे गेली होती.' ती त्यांचीच मुलगी. मी खाली बसलो. मग त्यांनीच मला शर्यतीचं घड्याळ कसं बघायचं ते शिकवलं. पुढच्या शर्यतीत मी पाय बघायचे विसरलो.

मग तू आलीस. मी तुला ओळखलं नाही. हे खांदे कुणाचे, म्हणून बघत राहिलो. तुम्ही दुसरी फेरी जिंकलात तेव्हा मी त्या बाईंना हलवून हलवून सांगितलं, माझी भाची, माझी भाची. त्या म्हणाल्या, मग इथे वर काय करताय?

तिसऱ्या फेरीत तुम्ही कठड्याशी चढलात. सायकल जवळजवळ उभीच होती. मग तिचं तोंड खाली वळलं. सगळ्यांना झेप दिसली. मला टाकी दिसली. माझ्या हाताची बोटं आपोआप तोंडात गेली.

नाही, असं लिहायला नको. आपोआप काही जात नाही. मीच घातली. तू तिथवर पोचलीस, सगळ्यांना हरवलंस, आणि तरी माझ्या लेखी तू टाकीच्या काठावरचीच पोरगी. तुला ट्रॅकवर बसवणाऱ्यांनी तुझ्यावर भरवसा ठेवला. मी ठेवला नाही.

मला माझी शिट्टी ऐकू येत नाही. वाजली हे तुझ्या पायांवरून कळलं.

खाली येऊन सांगायला हवं होतं, जिना समोरच होता. तू सिमेंटवर बसलेली दिसत होतीस. आता सगळ्यात वाईट तेवढं राहिलंय, ते लिहितो. मला हायसं वाटलं. हरली, आता परदेशी जाणार नाही, घरी येईल, हातीपायी धड येईल. पोटात कसं गार वाटलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की आपल्याला कशाचं बरं वाटतंय. तेव्हा मी उठलो आणि मागच्या दारानं गेलो.

घरी आलो तर तुझं पत्र. 'आला असतास तर भेटल्याशिवाय गेला नसतास.' ते वाक्य मी मामीला वाचून दाखवलं नाही. आणि तुला काय लिहिलं, तर कान थकतात. तुझ्याजवळ जे एक होतं त्याच्यावरच तुला संशय घ्यायला लावला, स्वत:ची लाज झाकायला. वैरीसुद्धा असं करत नाही. वरून खोलीतलं शिवणयंत्र हलवायच्या गोष्टी केल्या.

सरांना वेगळं पत्र टाकलंय. झेप बरोबर होती, चूक वरच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची होती, असं लिहिलंय. पुढची, तुझी माफी इथेच मागतो. ती तुलाच वाचावी लागतेय, त्याला इलाज नाही.

भिंगरी, तुला 'माफ कर' असं लिहिणार होतो. पण ते म्हणजे आणखी एक काम तुझ्याच गळ्यात. नको. राग धर.

मामा


३० मार्च

मामा,

राग धरलाय. तू सांगितलंस म्हणून नाही, न सांगताच आला.

'शिट्टी खरी होती' हे वाक्य मी पुढचीला पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. मग मी जी रडायला लागले, आणि माझं बघून ही, की मावशी धावत आल्या, घरचं कोण गेलं म्हणून. कुणी गेलं नाही, माझे कान परत आलेत, म्हटलं. त्या जाताना जिन्यावर पाय आपटत गेल्या. डावी चप्पल तुटलीये त्यांची. बरोबर आहे का म्हणून मी कुणाला विचारलं नाही.

शिट्टीचा राग नाही. ती तू मलाच वाचवायला मारलीस, चुकीच्या जागी. गप्प बसलास त्याचा आहे. आणि तुला हायसं वाटलं, त्याचा तर फारच आहे. तेही पुढचीनं गाळलं नाही. तू ते लिहिलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं. तरी लिहिलंस. त्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही, तेव्हा ते तूर्त तसंच राहू दे.

सरांना तुझं पत्र मिळालं. पुढची राहिली. पण सरांनी मला समोर बसवून विचारलं, 'शिट्टी मामांनी मारली हे कळलं. पाय कुणाचे थांबले?' माझे, म्हटलं. खरंच आहे ते. उद्या कुठल्याही गर्दीत कुणीही तशी शिट्टी मारेल, आणि मी पाय रोवून पुढचीला पाडेन.

म्हणून आम्ही सराव सुरू केला. पुढचीनं तोंडात बोटं घालून पाहिली, नुसती थुंकी उडते. सरांनी त्यांच्या गळ्यातली शिट्टी तशीच वाजवून पाहिली, दोन आखूड, एक लांब. माझे पाय ढिम्म हलेनात, म्हणजे फिरतच राहिले. त्यांना दुसऱ्या कुणाची चालत नाही. त्यांना तुझीच ओळख आहे.

तेव्हा ये. गुडघे, मशीन, सगळं लटांबर घेऊन ये. ट्रॅकच्या मधोमध उभं राहायचं आणि आम्ही खाली झेप घेतली की मारायची, फाउंड्रीत मारायचास तशी. रोज. माझे पाय थांबायचे बंद होईपर्यंत. सवय लावलीस तू, आता मोडायचीही तूच.

माफीचं त्यानंतर बघू.

भिंगरी

ता. क. मशीन आधी दुरुस्त करून घ्या. सर एकदाच सांगतात. — पुढची


२२ एप्रिल

अगं,

पोचल्याचं दोन ओळींचं पत्र टाकलं, त्यानंतर काही नाही, म्हणून तू चिडली असशील. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. म्हणजे रोज तेच घडत होतं.

वसतिगृहाच्या मावशींनी मला पहारेकऱ्याच्या खोलीत जागा दिलीय. सकाळी ट्रॅकवर जायचं आणि मधोमध उभं राहायचं. खालून बघितलं तर तो ट्रॅक वरच्या रांगेतून दिसतो त्याहून भयंकर दिसतो. भिंतच उभी केलीय नुसती, आणि आपली पोर तिच्यावरून चालते.

पहिल्या दिवशी मी शिट्टी जरा हळूच मारली. भिंगरी तिथूनच ओरडली म्हणे. मला ऐकू आलं नाही, सरांनी येऊन सांगितलं, 'ती म्हणते, मामा, फसवू नकोस.' मग पोटातून मारली. तिचे पाय थांबले. सायकल गदागदा हलली, मी डोळे मिटले. सर म्हणाले, 'पुन्हा.' त्यांना तेवढा एकच शब्द येतो.

तसे किती दिवस गेले ते तुलाच माहीत, तू मोजत असशील. मी शिट्टी मारायची आणि तिनं अडायचं. रोज तिचे पाय थांबताना बघायचे आणि पुन्हा तेच करायचं. एकदा त्या पडल्या. मी धावलो तर पुढचीनं पडल्यापडल्याच हात आडवा धरला. म्हणाली, 'मामा, तुमची जागा तिथे.' तिचं कोपर सोलून निघालं होतं. भिंगरीच्या मांडीला खरचटलंय, काळजीचं नाही. मी परत जागेवर जाऊन उभा राहिलो. तुला सांगतो, क्रेनखाली उभं राहणं याच्या निम्म्यानंसुद्धा अवघड नव्हतं. तिथे मी माणसं वाचवत होतो.

भिंगरी माझ्याशी बोलते, पण बेतानं. जेवलास का, मशीन घातलंस का. टाकीच्या गोष्टीचं नाव कुणी काढत नाही.

आज सकाळी त्या वर गेल्या. खाली झेप घेतली. मी शिट्टी मारली. तिचे पाय थांबले नाहीत.

मला वाटलं, वाजलीच नाही. म्हातारपणी दातांच्या फटीतून वारा जातो, तसं काहीतरी झालं असेल. मला तर ती कधीच ऐकू येत नाही, तिच्या पायांवरूनच कळायचं. म्हणून सरांकडे बघितलं. ते कानांवर दोन्ही हात दाबून उभे होते, तोंड वाकडं करून. म्हणजे वाजली होती. मी आणखी मारली, श्वास संपेपर्यंत. त्या दोघी माझ्यासमोरून गेल्या, भिंगरीचे पाय नुसते फिरताहेत.

मी रडलो. सगळ्यांसमोर. सर दुसरीकडे बघत राहिले, 'पुन्हा' म्हणाले नाहीत.

आनंदच झाला गं, खोटं नाही सांगत. पण लगेच मनात आलं की आता तिला थांबवायला माझ्याजवळ काही राहिलं नाही. उद्या खरोखरच उघडी टाकी समोर आली, तर मी रस्त्याच्या पलीकडे नुसता उभा. तू म्हणशील, ती टाकी कधीच बुजवली. बुजवली, मला माहीत आहे.

सायकल थांबल्यावर भिंगरी पुढचीच्या खांद्याला धरून माझ्याकडे आली. घामानं निथळत होती. मशीन लावलेल्या माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, 'ऐकली मी. दोन आखूड, एक लांब. स्पष्ट ऐकली.' मग माझा हात चाचपला आणि ती दोन बोटं हातात धरून बराच वेळ उभी राहिली. माफीचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

चाचणी रविवारी आहे. पुढचीच्या आईला पिशवी उचलायला सांगितलंय, तिनं आणखी एक खुर्चीही आणून ठेवलीय. तू ये. घर नंतर आवर. मी त्या खुर्चीत बसणार आहे, ट्रॅकजवळ, सगळ्यांना दिसेल असा. त्या वर कठड्याशी चढल्या की मला काय होईल ते मला माहीत आहे. तू शेजारी बस आणि शर्यत संपेपर्यंत माझा हात धर.

दोन्ही हात धर.

तुझा
मशीनवाला